दिघीतला चिनी पाहुणा

चीन, ४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप नानांस,
तेजस्विनीचा सा. न. वि. वि.

इथे आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, म्हणून कंपनीच्या माणसाबरोबर पत्र पाठवतेय. इथली माणसं कधी हसत नाहीत, असा व्हिडिओ तुम्ही मला निघताना दाखवला होतात. नाना, ट्रेनिंगपुरती मी ज्यांच्याकडे राहते त्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. पण भारताचे व्हिडिओ त्याही बघतात. मी दुकानात निघाले की पाठोपाठ येतात. आपल्याकडे बाई एकटी बाहेर पडूच शकत नाही, असं त्यांनी पाहिलंय. दिघीहून चाकणला मी स्कूटीवर कामाला जाते म्हटलं, तर त्यांना थाप वाटली.

आता मुद्द्याचं. त्यांचा मुलगा वेई नवं मशिन बसवायला आपल्या कंपनीत येतोय. तिकडे पोराचं काय होईल, या काळजीनं त्या जेवत नाहीत. मी आपली वरची खोली देऊ केलीय. रागावलात तरी आजीशी बोलून मग रागवा.

तुमच्या मायेत राहू इच्छिणारी,
तेजस्विनी


दिघी, १९ ऑक्टोबर

चि. तेजस्विनीस,
नानासाहेबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवणावरची वासना गेली. अगं, शेजारी लष्कराची जमीन, आणि आमी चिनी माणूस घरात घ्यायचा? तुझा रोहिदासकाका म्हणतो, हेर असणार. मलाही तसंच वाटतं. त्याच्या मोबाइलवर जे येतं तेच माझ्याही मोबाइलवर येतं.

तुझी आजी मात्र म्हणाली, आपली पोर त्यांच्या घरी जेवती आणि त्यांच्या पोराला आपण दार लावायचं व्हय?

येऊ दे त्याला. पण मी नजर ठेवणार. तू दोन वेळा नीट जेव, एवढंच तुझ्याकडं मागणं.

तुझा आजोबा,
नानासाहेब


दिघी, २४ नोव्हेंबर

चि. तेजस्विनीस अनेक आशीर्वाद.

वेई आला. बॅगेत कपडे थोडे आणि आईनं भरून दिलेली नूडल्सची पाकिटंच फार. इथलं काही खायचं न्हाई अशी तिची ताकीद. तो आजीच्या पिठल्याकडं संशयानं बघायचा आणि मी त्याच्याकडं.

काल रोहिदासनं त्याला गच्चीवर फोटो काढताना पाहिलं आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं की हेर सापडला. बघता बघता फाटकात माणसं जमली. वेई तेव्हा ओट्यावर लॅपटॉप उघडून आईशी बोलत होता. गर्दी दिसताच ती माउली रडायला लागली. तिच्या व्हिडिओंत अशीच माणसं जमतात म्हणे.

मी फाटकात उभा राहिलो. हा माझ्या घरचा पाहुणा हाय, काय विचारायचं ते मला विचारा, असं म्हणालो. जागचा हललो न्हाई. तेवढ्यात वेईनं आपणहून मोबाइल रोहिदासच्या हातात दिला. फोटो काय, तर आजी भाकरी थापताना, वाळत घातलेल्या मिरच्या, शेजारची म्हैस, आणि दुपारी बाजेवर तोंड उघडं टाकून झोपलेला मी. सगळे आईला पाठवायला काढलेले. रोहिदास हसत खालीच बसला, मग फाटकभर हशा.

आजीनं लॅपटॉपपुढं बसून, मोबाइलकडून भाषांतर करून घेत, वेईच्या आईला सांगितलं की ही मंडळी तुमच्या पोराला चहाला न्यायला आलीत. साफ खोटं होतं, पण मग रोहिदासला ते खरं करावं लागलं. वेई त्याच्याकडं चहाला गेला आणि जेवूनच परतला. आल्यावर आजीकडं पिठलंही मागितलं.

आमची आठवण धरून राहा.
नानासाहेब


चीन, ९ डिसेंबर

तीर्थरूप नानांस सा. न. वि. वि.

वेईच्या आई मला आता दुकानात एकटीला जाऊ देतात. स्वतः मात्र तुमचा तो फोटो घेऊन घरोघर हिंडतात. भारतातली माणसं दुपारी दारं सताड उघडी टाकून इतकी निर्धास्त झोपतात, असं शेजारणींना सांगतात. सगळ्यांना ते पटलंय.

हा समज मी खोडून काढणार नाही. तुम्हीही काढू नका.

तुमची,
तेजस्विनी