क्लिपहामला मी गेले नव्हते

१२ मे
घरात सतत माणसं, म्हणून अरुण गेल्यापासून काही लिहिलं नाही. आज जरा शांत. नील बॉथेलहून आलाय, महिनाभर इथेच मिनेसोटात राहून काम करणार म्हणतो. अस्थींचा डबा आणला. वाटला होता त्यापेक्षा जड. देवघराखालच्या कपाटात ठेवला. नाशिकला न्यायचा, असं मी धरून चालले आहे.

१४ मे
दहावा. तळ्याकाठी, पार्किंगच्या मागच्या गवतावर. गुरुजी व्हिडिओवर, शुगर लँडहून. पिंड ठेवला. कावळा मेपलवर बसलेला, पण खाली येईना. मग इच्छा ओळखणं सुरू झालं. अ.चे मित्र देशपांडे हात जोडून म्हणाले, "अरुण, वहिनींची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळा ढिम्म. मी म्हटलं, नीलचं लग्न नीट करून देईन. तरी नाही. शेवटी नील पुढे झाला. "बाबा, तुम्हाला क्लिपहामला नेतो. प्रॉमिस."
तेवढ्यात तळ्यातले गीझ, ते रानहंस, फताफता वर आले आणि पिंड फस्त.
देशपांडे : "गुरुजी, हे कॅनडाचे आहेत. चालतात का?"
गुरुजी : "दर्भाचा कावळा करा आणि शिववा." सगळे हसले. मीही हसले असेन.
क्लिपहाम म्हणजे स्वीडनमधलं अ.चं कामाचं गाव. दर जूनला जायचा. तिथे त्याचं काय राहिलंय?

१५ मे
नीलला विचारलं. आधी "नथिंग, आई." मग बोलला. अ.ने हॉस्पिटलमध्ये त्याला सांगितलं होतं, अर्ध्या अस्थी तिथल्या समुद्रात सोड.
समुद्रात? मला कायम सांगत आला : फॅक्टरी, पाऊस आणि बटाटे. तू येऊन काय करणार?
नील म्हणाला, फॅक्टरी तासाभरावर आहे. काम संपलं की बाबा आठवडाभर क्लिपहामला राहायचे. कॉलेजात असताना मीही एकदा गेलो होतो.
"मला सांगावंसं वाटलं नाही?"
"बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, डबे घेऊन येईल. ही वॉज जोकिंग."

१८ मे
नीलने फोटो दाखवले. मी मागितले नव्हते, पण बघितले.
गुलाबी खडक, बर्फाने घासून गुळगुळीत केलेले. उन्हाने तापले की लोक त्यावर पालथे पडून राहतात. होड्या ठेवायच्या लाल लाकडी खोल्या, पार पाण्यात पाय रोवून उभ्या. टेकडीवर जहाजं बंदरात आणणाऱ्या वाटाड्यांची खोपटी, तिथून पूर्वी जहाजांवर नजर ठेवायचे. लांबच्या खडकांवर सील. फटींतून रानगुलाब. नील सांगत होता, हेरिंग मासा तिथे वर्षानुवर्षं ढिगाने यायचा, मग एकदम यायचा बंद झाला. गाव रिकामं झालं. काही जण दगड फोडायला लागले, काही निघून इकडे मिनेसोटात आले.
चांगलं गाव आहे. हेच सहन होत नाही. घाणेरडं असतं तर बरं झालं असतं.
एका फोटोत अ. बंदरावर बसून कागदातला धुरावलेला मासा हाताने खातोय. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मासा खाल्ल्याचं काही नाही. पण तो चेहरा. इतका मोकळा मी तो कधी...

२१ मे
लार्सशी व्हिडिओ कॉल. अ. त्याच्याकडे खोली घ्यायचा. म्हातारा, जहाजांचा वाटाड्या होता, आता निवृत्त. नीलने मला जबरदस्तीने बसवलं. माणूस सज्जन. डोळे पुसत होता. म्हणाला, मी दर वर्षी पाठवायचे ती पिवळी पूड त्याला स्वतःलाही फार आवडते, उकडलेल्या बटाट्यावर घालतो. म्हणजे माझं मेतकूट. अ. उपाशी राहू नये म्हणून मी भाजून, दळून द्यायचे.
मग म्हणाला, "अरुणने सांगितलं होतं, तुम्हाला पाण्याची भीती वाटते. म्हणून कधी आला नाहीत. वाईट वाटायचं."
मी थँक यू म्हटलं.
माझं माहेर गुहागर. अ. नागपूरचा. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा गुडघाभर पाण्यातही माझा दंड सोडत नव्हता. लाटेला पाठ कशी द्यायची, ते मी शिकवलं त्याला.
बाई असती तर भांडता तरी आलं असतं.

२२ मे
देशपांड्यांना फोन केला. त्यांनाही माहीत होतं, खडकांचं वगैरे. "अहो वहिनी, पुरुष माणसाला एखादी जागा लागते हो." मी विचारलं, आणि बायकांना? म्हणाले, "तसं नाही हो," मग गुडघ्याचं सांगत बसले.

२४ मे
सकाळी चहा घेताना नील म्हणाला, "आई, हाफ नाशिक, हाफ क्लिपहाम. फेअर आहे ना? जूनमध्ये आपण दोघं जाऊ. तिकिटं बुक करतो." वचन दिलंय, त्याला घाई आहे.
म्हटलं, "एकच तिकीट काढ. माझं. लार्सला खोली रिकामी आहे का विचार."
"आणि बाबा?"
"बाबा राहू दे इथेच. तू आहेस की सोबतीला."
"मग ठरलं काय? अर्ध्या अस्थी देणार आहेस की नाही?"
त्याचा चेहरा अगदी पडला होता. पण खोटं सांगवेना. म्हटलं, माहीत नाही. मला आधी पाण्यात उतरू दे.