खाऱ्या पाण्याचा सांबार

२४ ऑगस्ट, रामाकोना
हिरवळीच्या खताचा ढेंचा गाडला. कमरेएवढा झाला होता, ट्रॅक्टरने उभाच्या उभा मातीत घातला. आता जिप्सम नि शेणखत मिसळायचं. शोभा दारातून पाहत होती. "काऊन जी, मूठभर सांबारासाठी एवढा तमाशा?"

तमाशा नाही, पैज आहे. मंगेश नागपूरला बोलावतो, आणि पोराकडे जायचं हिने मनात पक्कं केलंय. बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, भाजी जगत नाही, इथे उरलं काय, म्हणते. मी म्हटलं, याच पाण्यावर सांबार काढून दाखवला तर? "तं राहीन. नाही निघाला तं संक्रांत झाली का मुकाट्यानं गाडीत बसा."

सूनबाई पुण्याची, सांबाराला कोथिंबीर म्हणते. फोनवर म्हणाली, बाबा, कोथिंबीर इथे दारावर येते. येत असेल.

९ सप्टें.
जुन्या विहिरीपाशी बसलो. पावसाचं पाणी आहे तेवढंच, दिवाळीपर्यंत तेही जाईल. बाबांच्या वेळी उन्हाळ्यातही बादली बुडायची. मग गावभर बोअर झाल्या, आमचीही झाली. दोष कोणाला द्यायचा!

सौंसरच्या बाजाराची आदली संध्याकाळ. शोभा नवी नवरी, अंगणात बसून केळीच्या सोपटाने सांबाराच्या जुड्या बांधायची. पहाटे मी सायकलवर. माझ्या मागे रस्ताभर तो वास, आणि रात्री जेवायला वाढताना तिच्या हातालाही. बाजारच्या जुडीला तो नाही. फार आठवतो. तिला आठवतो की नाही कोण जाणे, विचारायची सोय नाही.

१८ ऑक्टो.
पेरलं! धने बाबांसारखेच चपलेखाली रगडले, वरंब्याच्या माथ्यावर टाकले, हलकं पाणी दिलं. रोज थोडं थोडं देणार, त्यांची तीच रीत. कडेला पालकही टाकला.

शो. उभीच होती. "माथ्यावर काऊन टाकून राहिले?"

"बाबा तसंच टाकत."

"मामाजींच्या विहिरीचं पानी गोड होतं जी."

माझ्या बापाची शेती आता ही मला शिकवणार! संध्याकाळी पिठलं छान झालं होतं, पण सांगितलं नाही.

२ नोव्हें.
उगवले. सुईसारखे, पिवळे. शेंडे करपलेले. वरंब्याचा माथा पांढरा, पीठ भुरभुरल्यासारखा. पालक मात्र खुशाल आहे, त्याला मिठाचं काही वाटत नाही.

५ नोव्हें.
गेले. सगळे.

जिप्सम कमी पडलं असेल. ढेंचा नीट कुजला नसेल. शो.ला म्हटलं तर, "नाचता येईना अंगण वाकडं!" मग जरा वेळाने हळूच, "चिवळीची रानभाजी पाहा जी. माथ्यावर एक पान नाही, सरीच्या अंगाला किती फुटली. थोडं थोडं पानी देल्लं का मीठ वर चढते."

बरोबर बोलत होती, म्हणूनच राग आला. हरलो म्हटलं. तिने माळ्यावरून बॅग उतरवली, पुसली, उन्हात ठेवली. वाफ्याकडे जाणं बंद.

बाबांनी सांगितलेलं सगळं तसंच केलं. तसंच केलं म्हणूनच मेलं. हे लिहायला जड जातं. एवढी वर्षं वाटायचं, त्यांची रीत हातात आहे तोवर ते आहेत…

२६ नोव्हें.
पाठदुखी. पडून. मोटर बराच वेळ चालू होती, ओरडलो, कोणी बंद केली नाही.

३ डिसें.
आज सहज पालक खुडायला गेलो. वरंब्याच्या बगलेला, पाण्याच्या ओळीच्या जरा वर, हिरवी रेघ. वाकून पाहिलं. सांबार! मी तिथे दाणा टाकला नव्हता.

शो. निर्विकार. "डब्यात धने उरले होते. वाया काऊन घालाचे? सुरुवातीले विहिरीतलं उरलंसुरलं देल्लं, मंग बोअरनं सऱ्या भरून काढल्या."

मग पैज मी जिंकलो, म्हटलं.

"लावली तुमी, पेरलं मी. तं जिंकलं कोन?"

पालकाची टोपली तिच्या हातात दिली.

६ जाने.
बाबांचा सांबार हातभर व्हायचा. हा बुटका, पानं जाड. पण वास तोच. नाही, थोडा जास्तच.

शोभाने सांबारवड्या केल्या. वाढताना हात पुढे आला. मी धरला. "सोडा जी, तेल आहे हाताले." पण तिनेही लगेच ओढला नाही. चाळीस वर्षांमागचं अंगण समोर आलं, डोळे भरले. तिखट जास्त झालं म्हटलं. "तिखट तं घातलंच नाही," म्हणाली.

१२ जाने.
मंगेशचा फोन. संक्रांत झाली की गाडी घेऊन येतो. शो. "हो, ये," म्हणाली. ये म्हणजे न्यायला ये, की वड्या खायला, ते त्यानेही विचारलं नाही. बॅग उन्हातून आत आली आहे, भरलेली नाही.

संध्याकाळी मी खुडत होतो. कडेच्या झाडांना हात लावला तर मागून ओरडली. "ते नोका तोडू! ते धन्यासाठी ठेवले."

धने धरून वाळायला फाल्गुन उजाडतो. संक्रांत परवा.

हात मागे घेतला. त्या कडेच्या सरीला पाणी सोडलं, भरून.