पूजेतलं काडतूस

२ ऑक्टो. दसरा. गावी.
शस्त्रपूजा. विळा, कुऱ्हाड, पहार, नानांची बारा बोअरची बंदूक. तिच्यापाशी एक काडतूस, त्याला कुंकवाचं बोट. आईविना पहिला दसरा. नैवेद्य मी केला, मीठ कमी.
भूषण पुढच्या गुरुवारी निघतो. जर्मनी, नोकरीला. धाकट्याला इतकं लांब कोणी सोडलं नव्हतं. नानांनी गावभर सोनं वाटलं, त्याला दिलं नाही. "तुन्हं नंतर."
जेवताना नानांनी मला विचारलं, "अक्का, इमानमा बंदूक लई जाता येस का?"
मोबाइलवर विमानाचे नियम काढून वाचून दाखवले. परवाना हवा. बंदूक रिकामी, काउंटरवर सांगून, मोठ्या सामानात. काडतुसं वेगळी, नीट बंद करून. हातातल्या बॅगेत काहीच नाही.
"एक कारतूस बी नही?"
"एकसुद्धा नाही, नाना. पकडतात."
भूषण म्हणाला, "काय नाना, जर्मनीमा डुकरं हाकलाले येतस का?" नाना खूप हसले. आई गेल्यापासून इतके हसले नव्हते.

९ ऑक्टो. जळगाव.
विमानतळाच्या दारात नानांनी भूषणच्या हातात लाल फडक्याची पोटली ठेवली. दसऱ्यानंतर गावची शीव ओलांडणाऱ्याला पूजेतलं काही द्यायचं, ही आमच्या घरची रीत. आजोबांनी नानांना नांगराचा खिळा दिला होता. नाना तो घेऊन शिरपूरच्या पुढे कधी गेले नाहीत, खिळा अजून फळीवर आहे.
"सोनं शे. तठे जाईसन सोड."
भूषणने ती न सोडता हातातल्या बॅगेत टाकली. पाया पडला.
मी कॉलेजात शिकवायला पोचायच्या आत भूषणचा फोन. तपासणीत बॅग अडवली. पोटलीत आपट्याची पानं, तांदूळ, काडतूस.

१० ऑक्टो.
जामीन झाला. शस्त्र कायद्याखाली गुन्हा. पासपोर्ट जमा.
नाना ठाण्याबाहेर बाकावर शेंगा सोलत बसलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पोऱ्या घर परत उना ना. बस."

२७ ऑक्टो.
वकिलांकडे. शांत माणूस. म्हणाले, अशी प्रकरणं पुष्कळ होतात. जुन्या बॅगेच्या शिवणीत एखादी गोळी राहते, प्रवाशाला पत्ता नसतो. आपल्याजवळ आहे हे ठाऊक नसेल तर तो ताबा नव्हे, असं धरून न्यायालयांनी गुन्हे रद्द केले आहेत. पोटली कोणी बांधली, भूषणला सांगितलं होतं का, एवढंच महत्त्वाचं.
"वडील प्रतिज्ञापत्र देतील ना? रीत म्हणून ठेवलं, मुलाला सांगितलं नाही, नियम माहीत नव्हता."
शेवटच्या वाक्याशी मी थांबले. भूषण म्हणाला, "देतील की."
जर्मनीची कंपनी फेब्रुवारीअखेरपर्यंत वाट बघणार. त्यानंतर जागा दुसऱ्याला.

१६ नोव्हें. गावी.
नानांची सही नाही. आधी चष्मा सापडेना. मग अमावास्येपर्यंत नको. नोटरीकडे जायच्या दिवशी शेतात गेले ते अंधार पडल्यावर परतले.
भूषण मक्याला पाणी देतो. हात सोलवटलेत. नाना बांधावर उभे राहून बघतात. शेजारच्या आबांना सांगत होते, "आते घर भरेल वाटस."

७ डिसें.
सही नाही. "बोट दुखस."
मी म्हटलं, नाना, त्याची जागा जाईल. ते म्हणाले, "जागा आठे नही का?"
त्या दिवशी मी नियम वाचून दाखवले होते हे त्यांनी काढलं नाही. मीही नाही. वकिलांनाही अजून सांगितलेलं नाही.

११ जाने.
भूषण आता जर्मन शब्दांची उजळणी करत नाही. संध्याकाळी नानांबरोबर डुकरं हाकलायला जातो. नाना हवेत बार काढतात, तो डबा वाजवतो. परत आल्यावर दोघं शेजारी बसून जेवतात. नाना त्याच्या ताटात भाकरी वाढतात, तो नको म्हणत नाही.

३१ जाने. गावी.
परवा सोमवारी तारीख. बंदूक जमा करा म्हणून ठाण्याचं पत्रही आलंय, तेही सोमवारीच. प्रतिज्ञापत्र आणलंय. नाना म्हणाले, "सोमवारी कोर्टमाच करसू सही." वकील म्हणतात, ऐन वेळी नको.
मी कप धूत असताना भूषण मागे येऊन उभा राहिला.
"अक्का, दसऱ्याला तू नियम वाचले. नानांनी एका काडतुसाचं विचारलं होतं. मला आत्ता आठवलं."
मी नळ बंद केला नाही.
"म्हणजे त्यांना ठाऊक होतं."
मी कप पुन्हा धुतला. तो बाहेर गेला.

१ फेब्रु.
दिवसभर भूषण नेहमीसारखा. नानांना दाढीला पाणी काढून दिलं. प्रतिज्ञापत्र फळीवर खिळ्याखाली ठेवलं, पेन शेजारी.
ऊन उतरताना नानांनी बंदूक काढली. "आज शेवटलं. उद्या ठाणामा देनी शे."
भूषण उठला. "नाना, आज बंदूक मी लेस. तुम्ही डबा वाजाडा."
नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बंदूक दिली. खिशातली काडतुसंही दिली. डबा उचलला आणि पुढे झाले.
मी म्हटलं, भूषण, मीही येते. तो वळला नाही. "तू चहा ठेव, अक्का."
मका पुरुषभर उंच. आधी नानांची टोपी दिसेनाशी झाली, मग बंदुकीची नळी.
चहा दोनदा उकळला. डबा वाजत होता, तो थांबलाय. बार अजून झालेला नाही.