फाटकाबाहेरचा कोलू

तंजावूर,
११ सप्टेंबर २००९

ती. वेंकूआजीस लावण्याचा शि. सा. न. (वाकून केलाय, पाय मात्र लांबूनच.)

फोनवर माझं बोलणं तुला ऐकू येत नाही आणि तुझं सगळ्या ओरत्तनाडूला येतं, म्हणून पत्र.

आजी, आमच्या वृद्धाश्रमात मला तापाची अधिकारी केलंय! गावात स्वाइन फ्लू शिरलाय. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून 'मी करते' निघून गेलं. आता दारातच साबणाने हात धुवायचे. खोकणारा माणूस आत नाही, मग तो डॉक्टर का असेना. स्वयंपाकी सुब्रमण्यम मामांना शिंका आल्या, त्यांना मी घरी पाठवलं. तेव्हापासून उपमा मी करते. मंडळी म्हणतात, तापातून वाचू, या उपम्यातून नाही.

आता खरी गोष्ट. या नवरात्रात तू कोलूला, बाहुल्यांची मांडणी बघायला, आत येऊ नकोस. इथे आमच्याकडे राहणाऱ्या नागलक्ष्मीअक्काची छाती किती नाजूक झालीय तुला ठाऊक आहे. हा ताप तुझ्या बहिणीला झेपणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. आणि तुम्ही दोघी बाहुल्यांसमोर बसता कशा? ती तुझ्या कानाला तोंड लावून बोलते, मग तुझे गाल कुरवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडते. यंदा कोलू व्हरांड्यात मांडते, अक्काला तिथे बसवते. तू फाटकापाशी ये.

रागाव, पण माझ्या वाट्याचा लोभ दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

तुझी
लावण्या

ओरत्तनाडू,
१४ सप्टेंबर २००९

चि. लावण्येस आशीर्वाद. रागात आहे म्हणून मोजकेच.

आपल्या घरात पहिली पदवी आली तेव्हा मी गल्लीभर साखर वाटली. त्या पदवीचा पहिला हुकूम मलाच! सख्ख्या बहिणीला फाटकातून बघायला मी काय भाजीवाली? भाजीवालीसुद्धा आत येऊन टेकते, पाणी पिते.

घसा जरा खवखवतोय, तो भाताच्या तुसाने. ताप नाही. तू लगेच डोळे मोठे करू नकोस.

अक्का आता सत्त्याऐंशीची. तुझ्या नियमाने तिचा जीव वाचेल, मान्य. पण तिचा हात हातात घ्यायचा राहूनच गेला तर? त्याचं औषध तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.

शनिवारी, नवरात्राच्या पहिल्या दिवशी येते. आत यायचं की बाहेर थांबायचं ते तिथे ठरवीन. प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल भरपूर कर. उपमा नको.

कितीही बोलले तरी तुझीच,
वेंकूआजी

तंजावूर,
२१ सप्टेंबर २००९

ती. आजीस फाटकाच्या आतून साष्टांग नमस्कार.

अजून हसून हसून बरगड्या दुखताहेत! पण तू कडीला हात घातलास तेव्हा मी मनात देवाचा धावा केला. तुला अडवायची हिंमत माझ्यात नव्हती, खरंच सांगते. मग तुला खोकला आला, तू तोंडावर पदर धरलास, अक्काकडे पाहिलंस आणि आपणहून मागे सरलीस. एवढ्यासाठी जन्मभर तुझे पाय चेपीन.

पुढचं कुणाला ठाऊक होतं? अक्काला सवय तुझ्या कानात बोलायची. तुला ऐकू जाईना, म्हणून ती ओरडायला लागली. सुंडलात मीठ कमी, इथपर्यंत ठीक होतं. पण आजोबा आधी तिलाच पाहायला आले होते, आणि त्यांचे कान सुपाएवढे म्हणून तिनेच नकार दिला, हेसुद्धा तिने गल्लीला ऐकवलं! एक ऑटोवाला ऑटो बंद करून ऐकत राहिला. आमचे रामस्वामी मामा आश्रमात आल्यापासून कुणाशी बोललेले नाहीत, आणि मराठी तर त्यांना येतच नाही. शेजारच्या बाईंनी तमिळमध्ये सांगितल्यावर त्यांनी चक्क टाळी वाजवली.

तू मात्र एक शब्द न बोलता बसकडे निघून गेलीस. तेव्हापासून अक्का येता जाता मला विचारते, वेंकू रागावली का गं? जेवण अर्धं टाकते. आमच्याकडे अजून कुणाला ताप नाही, पण तिचं हे न जेवणं मला बघवत नाही. लवकर लिही.

तू गेल्यावर फाटक ब्लीचच्या पाण्याने पुसलं. एवढ्यावरून माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी
लावण्या

ओरत्तनाडू,
२५ सप्टेंबर २००९

चि. लावण्येस पांघरुणातून आशीर्वाद.

ते तूस नव्हतं. परतले त्याच संध्याकाळी ताप चढला. दवाखान्यात म्हणाले, तोच. गोळ्या चालू आहेत, आता उतार पडलाय. धावत येऊ नकोस, इथल्या दारालाही तुझाच नियम लावलाय.

पडल्या पडल्या एकच डोळ्यांपुढे येतं. मी आत शिरले असते, अक्काने माझे गाल धरले असते. अंगावर काटा येतो. तुझ्या पदवीचा फोटो देवाशेजारी होता, आता देवाला थोडं सरकायला सांगितलंय.

अक्काला सांग, रागावले नाही. तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि हसले की खोकला थांबत नव्हता. त्या कानांशी मी चाळीस वर्षं संसार केला! तुझ्याकडेही तेच आलेत, मास्क अडकवायला बरे. अक्काला म्हणावं, पोटभर जेव, तुला ओरडायला ताकद लागणार आहे.

डॉक्टरांनी मोकळं केलं की पहिल्या बसने येते. फाटक लावूनच ठेव. तो नकार तिने कसा दिला, आमचे हे तेव्हा काय म्हणाले, सगळं मला ऐकायचंय. जवळ बसवलं की अक्का गोड तेवढंच सांगते.

तुम्हा दोघींवर जीव टाकणारी,
वेंकूआजी