लिंबावरचं लाल फडकं

जैनथ,
ता. ९ फेब्रुवारी १९९७

आदरणीय देवाजीदादांना नागनाथचा जय भीम.

तुमचं मंचेरियलहून आलेलं पत्र मिळालं. विमलवहिनींचे गुडघे दुखतात हे वाचून वाईट वाटलं. तिकडे कोळशाच्या धुळीनं तुमचा खोकलाही वाढला असेल. तुम्ही तसं लिहिलं नाही, पण तुम्ही असलं कधीच लिहीत नाही.

इकडे सर्व ठीक. यंदा कापूस बरा आहे असं लोक म्हणतात. आपल्या वावरात मी काही पेरलं नाही.

चंपाच्या वर्षाचं पुण्यानुमोदन मागल्या महिन्यात झालं. तुम्हाला कळवलं नाही. लोक म्हणाले, ज्याच्या करंटच्या तारेला चिकटून ती गेली त्याला कशाला बोलवायचं. मी गप्प बसलो. मला तेवढं चांगलं जमतं.

वावर पडीक आहे म्हणून रोही येतात, नीलगाईंचा अख्खा कळप. ऑफिसला जायच्या आधी मी रोज बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसतो. पहिले पंधरा दिवस मला पाहून पळायचे. आता मान वर करतात, बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. सात माद्या आहेत. एकीचा कान फाटलेला आहे, तिच्यामागं या हिवाळ्यातलं पिल्लू असतं. काळपट नर लांब नाल्याजवळ उभा राहतो. कधी रानडुकरीण येते, तिच्या पिल्लांच्या अंगावर काकडीसारखे पट्टे आहेत. एवढ्या वर्षांत आपण त्यांची फक्त नासाडी पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं नाही.

परवा मोतीराम बांधावरून ओरडला, "काय नागनाथराव, ज्वारी सोडून औंदा रोही पेरले काय?"

मी म्हटलं, "चरू द्या त्यायले."

"तुमच्या बायकोचा जीव त्यायच्यापायी गेला, अन् तुमी त्यायले पोसून राह्यले! काऊन, डोकं फिरलं काय?"

तिचा जीव त्यांच्यापायी गेला नाही.

दादा, तिथं बसलं की माझा श्वास सरळ चालतो. घरात चालत नाही. दाताखाली गवत तुटल्याचा आवाज येतो, फाटक्या कानाची मादी पिल्लाला चाटते, आणि छातीवर ठेवलेलं काहीतरी थोडा वेळ कुणी उचलून घेतल्यासारखं वाटतं. ती जनावरं माझ्याकडे बघतात, पण काही विचारत नाहीत. वर्षभरात मला काही न विचारणारी तेवढीच. ऊन चढलं की ती नाल्याकडे उतरतात आणि मला लाज वाटायला लागते. ज्यांना मारायला आपण तार लावली त्यांच्याजवळ मला डोळा लागतो. आणि ज्या भावानं मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोचवलं, त्याला मी वर्षभर एक ओळ लिहिली नाही.

एक गोष्ट तिथं बसूनच कळली. तार काढून वर्ष झालं, पण ती जिथून जायची तिथं कळप अजून थांबतो. मागल्या मंगळवारी पिल्लू खेळताखेळता पलीकडे गेलं. मादी अलीकडेच उभी राहिली. तिनं वास घेतला. मग मान वर करून कितीतरी वेळ लिंबाकडे बघत राहिली. मी खाली बसलो होतो, पण मला ती झाडाकडेच बघते आहे असं वाटलं. शेवटी तिनं एक पाय टाकला.

चंपाही तशीच थांबायची. संध्याकाळी करंटला तार जोडली की तुम्ही लिंबाच्या फांदीला लाल फडकं बांधायचे, सकाळी तार सोडली की काढायचे. ते दिसलं नाही की मगच ती वावरात पाय टाकायची. तुम्हीच तिला ते शिकवलं होतं.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ते फडकं मी काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत आमच्या ऑफिसचे साहेब पाहणीला जीपनं त्या रस्त्यानं जाणार होते. लाल फडक्याचा अर्थ इकडे सगळ्यांना कळतो. त्यांना आपल्याच क्लार्कच्या, म्हणजे माझ्या, वावरात चोरीचा करंट दिसला असता. म्हणून ऑफिसातून परतताना फडकं ओढून काढलं आणि खिशात घातलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण डुकरांच्या भीतीनं तुम्ही रात्री तार सोडू दिली नसती आणि फडकं पुन्हा बांधलं असतं. चंपाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "आत्ताच्या आत्ता जा अन् बांधून या." म्हणून तिलाही सांगितलं नाही. तिनं वाढलं, मी जेवलो. सकाळी तुम्हाला गाठून तार सोडवीन असं ठरवलं होतं. साहेबांसाठी दाढी करत होतो, तेवढ्यात ती वावरातून मेथी आणायला गेली.

तुम्ही पंचनाम्यात रडून म्हणत होते, "म्या बांधलं होतं, नागनाथ. तू तरी सांग." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "झाडावर काहीच नव्हतं." ते खरंच होतं. फडकं माझ्या खिशात होतं.

आणि आता तुमच्यावरच्या खटल्याबद्दल तुम्ही लिहिता, "वीस तारखेले कोर्टात सांगून टाकतो का फडकं बांधाचं भुललो असन. आता मलेच आठवत नाही." दादा, हे वाक्य मी चार दिवस वाचतो आहे. बायको माझ्या हातून गेलीच. तुमची आठवणसुद्धा मी खोटी पाडली.

असं सांगू नका. वीस तारखेला मी आदिलाबादला तुमच्या आधी पोचलेला असेन आणि तुमच्या आधी बोलेन. तार लावल्याचा गुन्हा आपल्या दोघांचा. फडक्याचा माझ्या एकट्याचा. मग नोकरी राहो न राहो. त्यानंतर तुम्ही माझं तोंड पाहू नये, ते मला मान्य आहे. लिंबाखाली बसायला मिळेल की नाही माहीत नाही. आजवर बसलो तेही चोरूनच.

फडकं मी जाळू शकलो नाही. चंपाच्या जुन्या लुगड्याचा काठ आहे तो, तिनंच फाडून तुम्हाला दिला होता. या पत्राच्या पाकिटात घातला आहे. त्याची गाठ मी सोडली नव्हती, फांदीवरून तशीच ओढून काढली होती. बघा, तुमच्याच हातची आहे.

तुम्ही बांधलं होतं.

नागनाथ