लिहा, मालकीण हीच!

६ जून

आज काम सुरू. आणि पहिल्याच दुकानात घोळ!

काम म्हटलं तर सोपं आहे. आमच्याच भागातले बायकांचे धंदे किती, चालतात कसे, कमाई काय, पुढे टिकतील का — दुकानोदुकानी जाऊन विचारायचं आणि लिहून कचेरीत द्यायचं. पहिला प्रश्न — मालक कोण? त्याच्यातच अडकले.

इस्त्रीवाली दुकानात एकटीच. चादर झटकतेय, मागे कपड्यांचा ढीग, इस्त्री तापलेली. विचारलं, मालक कोण? म्हणाली, "ते घरी आहेत, संध्याकाळी या." म्हटलं, ते इथे काय बघतात? "काही नाही. त्यांना वाफ सोसत नाही." मग धंदा चालवतं कोण? "मीच की! अजून कोण दिसतंय तुम्हाला?" मग मालक? — "सांगितलं ना बाई, घरी आहेत!"

आता काय लिहायचं? समोरचा सांगेल तेच लिहा, अशी कचेरीतल्या मॅडमची ताकीद आहे. लिहिलं — मालक : नवरा.

७ जून

चष्मेवाली — "आमच्या ह्यांना विचारा." किल्ल्या करून देणारी — तेच. सायकल-दुरुस्तीवाली तर कोपरापर्यंत ग्रीसने माखलेली, चाकाची डुगडुग काढत होती. मालक कोण? "हे." हे कुठायत? "दिरांकडे गेलेत." कधी येतील? "काय सांगावं, गेल्या वर्षी गेलेत."

घरी येऊन आईला सांगितलं. आई हसून हसून बेजार. "तू बायका मोजतेयस की नवरे?"

मलाच कळेनासं झालंय.

९ जून

आज ताईचं दुकान. मुद्दामच मागे ठेवलं होतं. म्हटलं, एक तरी प्रश्न बिनघोर सुटेल!

ताई जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवी गादी आणि कापड चढवून देते. माप तिचं, कात्री तिची, मशीन तिची, गिऱ्हाइकाला फटकारणंही तिचंच. भाऊजी टेम्पोत सामान चढवतात, उतरवतात आणि जगभरच्या गप्पा मारतात. माणूस फार चांगला. पण कात्री हातात दिली तर टेबलसुद्धा कापून ठेवतील.

त्यांची दुकानांची रांग रस्त्यासाठी पडणार आहे, हिवाळ्यातच नोटीस लागली. सगळी रांग रडकुंडीला आलेली. ताई तेवढी नाही. ती रेक्झिनवर खडूने खुणा करत होती. मी कचेरीचा आवाज काढून विचारलं, "मालक कोण?"

मान वर न करता म्हणाली, "हे."

मला हसूच आलं. "ताई, खरं सांग गं."

"खरंच सांगतेय. लिही."

भाऊजी स्टुलावरून अर्धे उठले. "अगं, मी कुठला मा—"

"तुम्हीच."

राग आला मला. इस्त्रीवालीचं समजू शकते. पण ताई? जिने बाबांनासुद्धा कधी उत्तर द्यायचं सोडलं नाही? लिहिलं — मालक : नवरा. चहाही न घेता निघाले.

१२ जून

पहिली फेरी संपली. सगळ्या भागात बायकांचे धंदे मोजून अकरा. मॅडम म्हणाल्या, "इतकेच? मला तर येता-जाता गल्ल्यावर बायकाच दिसतात." मी म्हटलं, मलाही. दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

१५ जून

आता कळतंय कशासाठी मोजत होते ते! आधी सांगायचं नाही का कुणी?

पडणाऱ्या रांगेच्या बदल्यात पलीकडे नवी बाजार-इमारत होतेय. त्यातला खालचा मजला बायकांच्या धंद्यांसाठी राखून ठेवणार. आणि कुणाला गाळा द्यायचा ते ठरणार माझ्या यादीवरून. माझ्या! म्हणजे ताईला मिळणार नाही. कारण मीच लिहून दिलंय — मालक : नवरा.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "मग खोडून नीट लिही, त्यात काय!" तिला वाटतं पाटीवरचं खोडायचंय.

१६ जून

बातमी फुटली. सकाळी दार उघडलं तर जिन्यात नवरे! एकामागे एक, भांग पाडून. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच — "लिहा, मालकीण हीच!"

इस्त्रीवालीचा नवरा आला. वाफ न सोसणारा! सायकलवालीचे "हे" तर थेट दिरांकडून उगवले. वर्षभराने! नळ-पाइपांच्या दुकानदाराने बायकोलाच सोबत आणलं. "ही बघा मालकीण." मी तिला विचारलं, अर्ध्या इंचाचा नळ केवढ्याला देता? तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

गंमत वाटायला हवी. वाटत नाहीये. कारण यातले निम्मे आज खरं बोलतायत आणि निम्मे खोटं, आणि मला बाहेरून सगळे सारखेच दिसतायत. तेव्हा बायका खोटं बोलत होत्या का? की त्यांना तसंच वाटतं? मालक म्हणजे नक्की कोण, हे मला तरी सांगता येईल का?

भाऊजी आले नाहीत. ताईने येऊ दिलं नसणार.

१७ जून

मॅडमनी हुकूम काढला — बातमी फुटल्यानंतरचं काही धरायचं नाही. पहिलं उत्तर तेच खरं.

मी म्हटलं, पहिली उत्तरं चुकीची आहेत. म्हणाल्या, "मग तुम्ही ती तशीच का आणलीत?" बरोबरच होतं त्यांचं. कुठे नवऱ्यासमोर, कुठे भर रस्त्यावर मी बायकांना खणखणीत आवाजात विचारलं, मालक कोण. कुठली बाई अशी उघड्यावर "मी" म्हणेल? साधी अक्कल नव्हती मला.

तशीच ताईकडे गेले. सगळं सांगितलं. ती एका खुर्चीचे जुने खिळे उपटत होती.

"असू दे," म्हणाली.

"असू दे काय? दुकान जाईल!"

"कळलं मला. ओरडू नकोस. चहा घेतेस?"

इतकी थंड! मी निघाले तेव्हा भाऊजी कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "दुसरं काही मला येत नाही गं. तिचं दुकान आहे म्हणून मी आहे. काहीतरी कर." डोळे भरले होते त्यांचे. माझेही.

१८ जून

ताई खचली आहे. बोलून दाखवत नाही इतकंच. दुसरं काय असणार?

२० जून

सुचलं! विचारायचंच नाही. बघायचं.

दुकानात गिऱ्हाईक म्हणून एका बाजूला उभं राहायचं. रोजच्या धंद्यात काही कळत नाही. पण कुणी घासाघीस सुरू केली, कुणी माल परत आणला, कुणी वेळेआधी मागितलं की दुकानातल्या सगळ्यांचे डोळे एका माणसाकडे जातात. जातातच! ज्याच्याकडे जातात तो मालक. पाटीवर कुणाचंही नाव असो.

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "करून बघा."

२३ जून

काय काय बघितलं! इस्त्रीवालीकडे एकजण करपलेली कॉलर नाचवत आला. नवरा हल्ली दुकानात येऊन बसतो — तो आधी तिच्याकडे बघून मग तावातावाने बोलायला लागला. तिने त्याला हातानेच गप्प केलं आणि दोन वाक्यांत निकाल लावला. मालकीण!

सायकलवाली — प्रश्नच नाही. "हे" आलेत, पण त्यांना पाना कुठे टांगतात तेही विचारावं लागतं. नळवाल्याकडे मात्र बायको कोपऱ्यात पाहुण्यासारखी बसलेली. ती गळाली.

चष्म्याच्या दुकानात माझी मती गुंग झाली. गिऱ्हाइकाने सूट मागितली. बायकोने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने पडद्याआडच्या सासूबाईंकडे, आणि सासूबाई म्हणाल्या, "थांबा, मुलीला फोन लावते." मुलगी परगावी! तिचं काय लिहू? तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

शेवटी ताईचं दुकान. मी समोरच्या कापडवाल्याच्या पायरीवर उभी. एका बाईला शनिवारी सोफा हवा होता, पाहुणे येणार होते. तिने भाऊजींना गळ घातली. भाऊजींनी ताईकडे बघितलं. टेम्पोवाल्याने ताईकडे बघितलं. मशीनवरच्या मुलीने पाय थांबवून ताईकडे बघितलं. रस्त्यावरून जाणारा पोस्टमनसुद्धा थबकला! ताईने वर न बघता सांगितलं, "शनिवारी नाही. मंगळवारी." संपलं. बाई मुकाट मंगळवारला तयार.

इतका अभिमान वाटला! मग तिची नजर माझ्यावर आणि माझ्या पेन्सिलीवर गेली. रस्ता ओलांडून आली.

"काय लिहितेयस?"

"काही नाही."

"माझं नको लिहूस. ऐक माझं."

मी डोळा मारला आणि सटकले. ताई म्हणजे ताई! कुणाचे उपकार नको असतात तिला.

२७ जून

यादी दिली. नवी मोजणी मान्य!

मॅडमना एकच धास्ती — नवरे बायकोच्या नावावर गाळा घेणार आणि दुसऱ्याच दिवशी भाड्याने देणार. मी म्हटलं, अट घाला. पहिली पाच वर्षं मालकिणीने स्वतः बसून धंदा करायचा. विकायचा नाही, भाड्याने नाही, नवऱ्याकडे सोपवायचा नाही. सोडला तर दंड.

"वा!" म्हणाल्या मॅडम. सगळ्या महिन्यातला हा पहिला "वा". उड्या मारत घरी आले.

४ जुलै

यादी लागली! ताईला गाळा — कोपऱ्यावरचा, दोन बाजूंनी उजेडाचा! भाऊजी मिठाईचा पुडा घेऊन आले, आईच्या पाया पडले आणि लहान मुलासारखे रडले. ताईच्या नावाची पाटी रंगवायला टाकूनच आले होते.

ताई आली नाही. दुकानात काम असेल.

५ जुलै

ताई आली होती. बसली नाही.

दूरच्या एका शिवणशाळेत तिला शिकवायची नोकरी मिळाली होती. मे महिन्यातच. रांग पडली की भाऊजींना घेऊन जाणार होती. दुकान आपोआप मिटलं असतं, त्यांना काही समजवावं लागलं नसतं. "मनातून मी केव्हाच सोडलं होतं. तुला खरंच सांगितलं होतं मी."

मी म्हटलं, मग गाळा नाकार.

"कसा नाकारू? हे रात्री झोपेत हसत होते." मग चपला सरकवत — "वीस वर्षं सगळे माझ्याकडेच बघतायत गं. मला एकदा दुसऱ्या कुणाकडे बघायचं होतं."

निघताना दारात थांबली. ती पाच वर्षांची अट कुणाच्या डोक्यातून निघाली, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, कचेरीच्या.