सातव्या होलची वाळू

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. गोल्फमधली प्रगती नोंदवायची.
काल सातव्या होलला पुन्हा त्याच बंकरमध्ये. फेअरवेच्या हिरवळीत ऐन मधोमध वाळूचा खड्डा ठेवणारा माणूस मनाने विकृतच असला पाहिजे. सात फटके, त्यातले पाच वाळूतच. साडू मागे उभा राहून म्हणाला, घाई नाही, सावकाश होऊ द्या. अठरा वर्षं ऐकतोय याचं सावकाश.
बावीस तारखेला याच्याशीच निवडीची मॅच. क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरलीय. बायकोने जाहीर केलंय, याही वर्षी नाव नाही लागलं तर गोल्फ बंद, रविवार घरी. मी ताबडतोब कबूल. हरायचा प्रश्न येतोच कुठे?

५ मार्च, बुधवार. सकाळी ७
कोच लावला. म्हणतो, फेअरवे बंकरमध्ये आधी चेंडूला लागलं पाहिजे, मग वाळूला. पाय हलवायचे नाहीत. आणि चेंडू रुतलेला असला तर हाव सोडून वेजच्या आखूड काठीने नुसता बाहेर काढायचा.
नुसता बाहेर काढायचा! मी काय बटाटे काढतोय? मी लांब पल्ल्याची फाइव्ह वुडच मारणार.
सकाळी ८
कोचला काढला.

९ मार्च, रविवार
बंकरमध्ये नऊ. आज माझी चूक अजिबात नाही. चेंडू कुणाच्या तरी बुटाच्या खड्ड्यात. लोक वाळूत नाचतात आणि वाळू सपाट करायचं दाताळं न फिरवता चालू पडतात. कडेलाच पडलेलं असतं, उचलायला काय हात झडतात? संशय साडूवर. बायकोला सांगितलं तर म्हणे, ते तर दुसऱ्यांच्याही खुणा पुसतात.
ही नेमकी कुणाची बायको आहे?

१२ मार्च, बुधवार
कमिटीला पत्र. तीन पानं. मागणी एकच. जो वाळूत पावलं सोडून जाईल, त्याला यंदाच्या टीममधून बाद करा. दयामाया नको.

१७ मार्च, सोमवार
नियम मंजूर! बोर्डावर लागला. वर माझं नाव, ‘यांच्या सूचनेवरून’. फोटो काढून मेव्हणीला पाठवला, म्हणजे नवऱ्याला दाखवेल. संध्याकाळी साडूने हात मिळवला, म्हणाला, बरं केलंत. टरकलाय.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०
माळ्याची सुट्टी, कोर्स रिकामा. कोर्सवर सरावाला बंदी आहे, पण ती सामान्य माणसांसाठी. सातव्याच्या बंकरमध्ये तासभर होतो. चाळीस चेंडू. अडतीस वाळूतच राहिले, पण दोन काय गेले!
तेवढ्यात साडूची गाडी गेटात. चेंडू गोळा करून झाडीतून सटकलो. दाताळं फिरवायचं राहिलं. सकाळी माळी फिरवेल, त्याचं कामच आहे. घरी येऊन पाहिलं तर डाव्या बुटाच्या तळाचा एक खिळा पडलेला. असो. उद्या चिरडतो याला.

२२ मार्च, शनिवार
पहिली मॅच आमची, सकाळी साडेसहाला. माळी दिसला नाही, पहाटेच वाळू फिरवून गेला असणार. सहा होल बरोबरीत. खरोखर बरोबरीत! माझा माझ्यावर विश्वास बसेना.
सातव्याला चेंडू बंकरमध्ये. आत पाहतो तर म्हशी लोळून गेल्यासारखी वाळू, आणि चेंडू एका खोल पावलात. डोकंच फिरलं. फोन करून सेक्रेटरीला बोलावला. ओरडलो की हा नालायक सापडल्याशिवाय मी फटका मारणार नाही, नियम म्हणजे नियम. साडू म्हणाला, जाऊ द्या हो, चेंडू हलवून घ्या, माझी हरकत नाही. दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा तर माझा हात धरून. म्हटलं, सापडला चोर! हाच तो!
सेक्रेटरीमागून माळी आला. ठशाशी वाकला. मग बराच वेळ माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिला. म्हणाला, साहेब, तुमचा एक खिळा कमी आहे.
सेक्रेटरीने नियम मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या नावासकट.

२३ मार्च, रविवार
घरी.
साडूचा फोन आला. बायकोला. शुक्रवारी त्याने मला झाडीत शिरताना पाहिलं होतं म्हणे, पण कुणाजवळ बोलला नाही. बाद झालो याचं काही नाही. या माणसाचा चांगुलपणा मला सहन होत नाही.
दुपारी बायकोने हातात दाताळं दिलं. अंगणातली पानं गोळा केली. मग मातीवरून उलटं चालत, कडेपासून कडेपर्यंत, सगळं सपाट केलं. एक पाऊल उरू दिलं नाही.
ती खिडकीतून बघत होती. म्हणाली, छान जमतंय की तुम्हाला. पुढच्या रविवारी मागचं अंगण.